ड वर्गातली अक्षरं

१

गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता श्यामसुंदर रांगणेकरांनी कॉम्प्युटरवरचं भरतकामाचं आच्छादन काढलं, त्याची चौघडी घातली, चष्मा पुसला, आणि सात महिने पुढे ढकललेलं काम एकदाचं हातात घेतलं. त्यानंतर चार मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपली बायको दुसऱ्यांदा गेली.

पहिल्यांदा जयमालाबाई मार्चमध्ये गेल्या, रीतसर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत. त्याआधीचा अख्खा हिवाळा त्या रोज दुपारी या मशीनसमोर बसून काहीतरी टाइप करत. श्यामसुंदर चहाची आठवण करून द्यायला आले, की पडदा काळा. "काय लिहितेस एवढं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "तुमच्या कामाचं आहे. मी नसले की वाचा." असलं बोलणं त्यांना सहन व्हायचं नाही, म्हणून त्यांनी विचारायचं सोडलं. आणि ती खरोखरच नसल्यावर वाचायचं टाळलं. न वाचलेली फाईल म्हणजे अजून न संपलेलं बोलणं. बायकोचं एक बोलणं शिल्लक आहे, एवढ्या भांडवलावर त्यांनी नेरूळचा अख्खा पावसाळा काढला.

आता मात्र इलाज नव्हता. मुलानं, विश्वजितनं, जुना कॉम्प्युटर देऊन नवा घ्यायचं ठरवलं होतं. रविवारी सकाळी दहाला एक्स्चेंजवाल्याचा टेम्पो येणार होता.

फाईल जागेवर होती. नाव इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच. 'अहो'. श्यामसुंदरांनी श्वास रोखून त्यावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर उमटलं:

vMp.k

आणि खाली:

mik;

त्याच्या आजूबाजूलाही तसलंच. स्वल्पविराम, अर्धविराम, मध्येच मोठा झेड, मध्येच कंस. पानभर. पंधरा पानं. त्यांनी फाईल बंद केली, देवाचं नाव घेतलं, पुन्हा उघडली. देवालाही काही वाचता आलं नसावं.

कोणीतरी जयमालाचं शेवटचं बोलणं काढून नेलं होतं, आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे कचरा भरला होता.

२

"व्हायरस आहे काका," प्रसाद म्हणाला. प्रसाद तळमजल्यावर कॉम्प्युटर क्लास चालवायचा, आणि सोसायटीतल्या कुठल्याही मशीनला काहीही झालं तरी त्याचं निदान एकच असायचं. "डेंजर आहे. मराठी बिराठी सगळं खाऊन टाकतो. फॉरमॅट मारायला लागेल."

"फॉरमॅट म्हणजे काय होतं?"

"मशीन नव्यासारखं. आत काही शिल्लकच राहत नाही."

"आणि फाईल?"

"ती तशीपण गेलीच ना काका."

विश्वजित पावणे एमआयडीसीतल्या फॅक्टरीतून नुकताच आला होता. तो बुटांची नाडी सोडता सोडता म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ. मशीन नाहीतरी जायचंच आहे रविवारी." मग वडिलांचा चेहरा बघून तो नाडी परत बांधायला लागला.

चौतीस वर्षं श्यामसुंदरांनी सरकारी अभिलेख कक्षात काढली होती. कागद हरवला की ओरडायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. तिथे कागदांचे चार वर्ग असत. अ वर्ग कायम जतन. ब तीस वर्षं. क दहा. ड वर्ग एक वर्ष ठेवायचा आणि मग नष्ट. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद चुकीच्या वर्गात गेला नव्हता, असं त्यांच्या निरोपसमारंभात तीन वक्त्यांनी सांगितलं होतं. चौथ्यानंही सांगितलं असतं, पण तोवर सामोसे आले.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "कोणाला काय झालंय?"

तिसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाई. हातात आळूवडीची झाकलेली ताटली. एकतीस वर्षं टायपिंग क्लास चालवून, कॉम्प्युटर आल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो बंद केला होता. त्यांची शेवटची विद्यार्थिनी जयमाला. वय अठ्ठावन्न, वेग मिनिटाला बत्तीस शब्द.

त्यांनी ताटली मॉनिटरवर ठेवली आणि प्रसादला कोपरानं बाजूला केलं. बराच वेळ त्या पडद्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"काय रे प्रसाद, व्हायरस टायपिंगची परीक्षा देतो का?"

"म्हणजे?"

"डावीकडे सरळ समास सोडलाय. प्रत्येक परिच्छेदानंतर बरोबर दोन ओळी मोकळ्या. पूर्णविरामानंतर जागा. असं टाइप करणाऱ्या मी एकतीस वर्षांत फार तर वीस जणी पाहिल्या." त्यांनी चष्मा काढला. "त्यातली एक या घरात राहायची."

३

शुक्रवारी दुपारी मालतीबाईंनी चौकशी सुरू केली. चौकशीचं ठिकाण स्वयंपाकघराचा ओटा. श्यामसुंदरांनी जुन्या सवयीनं वही काढली, रकाने आखले आणि साक्षी उतरवून घ्यायला बसले.

सून उज्वला पहिली. ती वाशीच्या एका शाळेत शिकवायची.

"मी प्रश्नपत्रिका करते मावशी, दुसरं काही नाही. त्या पण सगळ्या इंग्लिशमध्ये. आमच्या शाळेत मराठीचा पेपर हातानंच लिहितात."

"फाईलला शेवटचा हात कधी लागला, ते मशीन सांगतं का गं?"

उज्वलानं उंदीर फिरवून दाखवलं. अकरा फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बारा फेब्रुवारीला जयमालाबाई हॉस्पिटलमध्ये गेल्या, त्या परत आल्याच नव्हत्या.

"म्हणजे तिच्यानंतर फाईलला कोणीच हात लावलेला नाही," मालतीबाई म्हणाल्या. "कुलूप शाबूत, दागिने आत. फक्त ओळखू येत नाहीत. चोर फाईलच्या आत गेलाच नाही, भाऊजी. चोर बाहेरच काहीतरी करून गेलाय."

दुसरी साक्ष विश्वजितची. तो पहिल्या पाळीहून येऊन जरा लवंडून उठला होता.

"मी काय करतो कॉम्प्युटरवर? हिशेब, रिपोर्ट..."

"विश्वजित."

"पत्ते खेळतो मावशी."

श्यामसुंदरांनी नोंदवलं: साक्षीदार क्रमांक २, पत्ते.

तिसरी राहीबाई. दिवाळे गावातून यायची. सकाळी मासळीचा वाटा विकून झाला, की तीन घरची धुणीभांडी.

"मी कनाला हात लावू त्या डबड्याला? बायनं सांगलेलं, राही, ओला फडका नाय. नाय म्हंजे नाय."

"मग कोण बसायचं तिथे, बाई गेल्यावर?"

"कोन नाय. सायेबच बसलं व्हतं, पावसाचं. चार दिस. लाल पेनशिल घेऊन. मी इचारलं, काय करतांव? तं बोललं, राही, कचरा काढतो." तिनं पदर खोचला. "बाय असती तं बसूच दिलं नसतं."

श्यामसुंदरांनी नेकीनं लिहिलं: साक्षीदार क्रमांक ३, कचरा, तपशील नाही.

मालतीबाई त्यांच्या लिहित्या हाताकडे बघत होत्या. "कसला कचरा, भाऊजी?"

"वरवरची साफसफाई हो. मशीन फार मंद झालं होतं. पेपरात रविवारी 'घरचा संगणक' म्हणून सदर येतं, त्यातल्या सूचनेप्रमाणे केली. मी सगळी कात्रणं ठेवलीत." आवाजात थोडा अभिमान आला. "आता दोन मिनिटांऐवजी दीड मिनिटात सुरू होतं."

"छान," मालतीबाई म्हणाल्या आणि ओट्यावरून उठल्या. "या पंधरा पानांची छपाई काढून द्या. आहे तशीच. आणि उद्या सकाळी माझ्याकडे या."

"काही अंदाज?"

"मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. मला बोटं कळतात."

४

शनिवारी सकाळी श्यामसुंदर तिसऱ्या मजल्यावर गेले. बैठकीच्या मधोमध मालतीबाईंचा मराठी टाइपरायटर होता. क्लासमधले बाकीचे भंगारात गेले, हा एकच त्यांनी ठेवला होता. त्यावरही आच्छादन होतं, भरतकामाचं. टाके ओळखीचे होते. श्यामसुंदरांनी नजर खिडकीबाहेर नेली.

"मी रात्री मोजलं," मालतीबाई म्हणाल्या. "हा शब्द, व्ही, मोठा एम, पी, टिंब, के, बेचाळीस वेळा आलाय. आणि हा दुसरा, एम, आय, के, अर्धविराम, तोही बरोबर बेचाळीस वेळा. एकाआड एक. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. कचऱ्याला इतकी शिस्त नसते."

"मग काय असतं?"

"मी मुलींना दोन्ही शिकवायचे, इंग्रजी आणि मराठी. कळा त्याच, जागा त्याच, फक्त उमटणारं अक्षर वेगळं. जयमाला माझ्याकडे मराठी शिकली आणि त्याच बोटांनी तुमच्या कॉम्प्युटरवर बसली. आता बघा हं. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं, बोटांनी इंग्रजीच मारायचं. पण मशीन मराठी."

त्यांनी छापलेलं पान कागद टेकवायच्या घोडीवर उभं केलं. रोलरमध्ये कोरा कागद घातला. व्हीच्या जागी बोट गेलं. खट.

कागदावर 'अ' उमटला.

मोठा एम. खट. 'ड'. पी. खट. टिंब आणि के. खट, खट.

अडचण.

श्यामसुंदर उठून उभे राहिले होते. कधी, ते त्यांना कळलं नाही.

एम, आय, के, अर्धविराम. उपाय.

"बसा," मालतीबाई म्हणाल्या. आता त्यांची बोटं थांबत नव्हती. दुसऱ्याच बाईच्या हातांतून, ओळीमागून ओळ, जयमाला बोलायला लागली होती.

अडचण १: चहा पांचट होतो.
उपाय: पाणी उकळायच्या आधी पावडर टाकता. थांबायला शिका.

अडचण ६: शेगडी पेटत नाही.
उपाय: सिलिंडरचं बटण. मागच्या खेपेलाही तेच होतं.

अडचण ११: विश्वजितशी बोलायला विषय नाही.
उपाय: त्याला फॅक्टरीतल्या व्हॉल्व्हबद्दल विचारा. समजलं नाही तरी मान हलवा. माझ्यासमोर तीस वर्षं हलवलीत तशी.

श्यामसुंदर हसले, आणि हसताना तोंडावर रुमाल धरावा लागला. रविवारच्या पेपरातलं सदर ती त्यांच्या आधी वाचायची. त्याच साच्यात तिनं नवऱ्याची दुरुस्तीपुस्तिका लिहून ठेवली होती.

खट, खट, खट. अडचण सतरापाशी मालतीबाई थांबल्या. कागद न काढता त्यांनी वळून श्यामसुंदरांकडे पाहिलं.

"भाऊजी, चोर सापडला. तिनं फेब्रुवारीतच नाव लिहून ठेवलंय."

५

अडचण १७: घरात एखादी वस्तू सापडत नाही.
उपाय: आधी स्वतःला विचारा, तुम्ही आवरलंत का.

"मी?" श्यामसुंदर म्हणाले. "मी त्या फाईलला हातसुद्धा लावला नाही. लावायचं धैर्यच नव्हतं."

"म्हणूनच तर. फाईलला नाही लावलात. तुमची कात्रणं कुठायत?"

कात्रणं घरी बॉक्सफाईलमध्ये होती, तारीखवार; श्यामसुंदर ती घेऊन आले. जूनच्या तिसऱ्या रविवारचं मालतीबाईंनी मोठ्यानं वाचलं. "मशीन मंद चालतंय? फॉन्टच्या, म्हणजे अक्षरवळणांच्या, कपाटात डोकवा. नको असलेले फॉन्ट जागा खातात. ते काढून टाका." त्यामागे एक वही होती. तिच्यावर सुबक अक्षरांत लिहिलेलं: फॉन्ट वर्गीकरण नोंदवही. श्यामसुंदरांनी चार दुपारी बसून एकूण त्र्याहत्तर फॉन्ट तपासले होते. प्रत्येकाचा नमुना उघडून, शेरा लिहून, लाल पेन्सिलीनं वर्ग देऊन.

मालतीबाईंचं बोट नोंद क्रमांक एकतीसवर थांबलं.

"नमुना उघडून पाहिला," त्यांनी वाचलं. "अक्षरे मराठी, परंतु अर्थबोध होत नाही. एकही शब्द धड नाही. सदोष. वर्ग ड."

"होताच तसा," श्यामसुंदर म्हणाले. "काहीच्या बाही अक्षरं. मराठीचे ते हाल मला बघवेनात."

"प्रसादला बोलवा."

प्रसाद आला. त्यानं वही बघितली आणि कपाळावर हात मारला. "काका! नमुन्याचं वाक्य मशीन इंग्लिशमधलंच दाखवतं. ते मराठी फॉन्टमध्ये उघडलं तर असंच दिसणार ना!"

"आणि मराठी फॉन्ट काढून टाकल्यावर," मालतीबाई शांतपणे म्हणाल्या, "तिचं मराठी असं दिसणार. जे वेडंवाकडं म्हणून तुम्ही जाळलंत, तेच तिला शहाणं करत होतं. तिनं मारलेल्या कळा फाईलमध्ये जशाच्या तशा आहेत, भाऊजी. त्यांना मराठी कपडे चढवणारा होता, त्याला तुम्ही घालवलात. उज्वला इंग्रजी लिहिते, विश्वजित पत्ते खेळतो. चार महिने या घरात मराठी कोणी उघडलीच नाही, मग कळणार कोणाला?"

"कचऱ्याच्या टोपलीत असेल अजून," प्रसाद म्हणाला.

"टोपली रिकामी केली," श्यामसुंदर पुटपुटले. "ड वर्ग नष्ट करायचा असतो."

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. एकतिसावी नोंद त्यांच्याच हस्ताक्षरात होती, सुबक, एकही खाडाखोड नाही. चौतीस वर्षांत चुकीच्या वर्गात एकही कागद गेला नाही, आणि निवृत्तीनंतर गेला तो हा.

मालतीबाई पुन्हा मशीनकडे वळल्या. समजूत घालणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांना टाइप करणं जमायचं. खट, खट. अठरा. बावीस. सत्तावीस. तिसाव्या अडचणीला मात्र त्या खो खो हसत सुटल्या, आणि कागद ओढून त्यांनी श्यामसुंदरांपुढे धरला.

अडचण ३०: संगणकावर मराठी अक्षरं दिसत नाहीत.
उपाय: फ्लॉपी साबुदाण्याच्या डब्यात आहे. तुम्ही उपास करत नाही, म्हणून तिथे तुमचा आवरायचा हात पोचणार नाही.

"म्हणजे फाईल वाचता येत नसेल तर काय करायचं," प्रसाद सावकाश म्हणाला, "ते काकूंनी फाईलमध्येच लिहिलं?"

"तिला वाटलं असेल, मी वेळेवर वाचेन," श्यामसुंदर म्हणाले.

मालतीबाईंनी टाइपरायटरवर आच्छादन घातलं. "माझं काम झालं. पुढचं तिच्या हातचं वाचा."

६

साबुदाण्याच्या डब्यात, तळाशी, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी निघाली. प्रसादनं ती घालून दहा मिनिटांत फॉन्ट परत बसवला. जाताना, व्हायरसबद्दल आपण काही बोललोच नव्हतो अशा चेहऱ्यानं, त्यानं परवाची उरलेली एक आळूवडी उचलली.

रविवारी दहाला एक्स्चेंजवाल्याचा टेम्पो आला. श्यामसुंदर शर्ट घालून खाली जायच्या आत विश्वजित जिना उतरून गेला होता. वरून त्याचा आवाज ऐकू येत होता. "नाही द्यायचं. बोललो ना, कॅन्सल! चालू मशीन आहे. दीड मिनिटात सुरू होतं."

तो वर आला तेव्हा श्यामसुंदर दारातच उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "काय रे, तुमच्या त्या व्हॉल्व्हचं नेमकं काय असतं?"

विश्वजित बघतच राहिला. मग बसून सांगायला लागला. अर्धा तास सांगत होता. श्यामसुंदर मान हलवत होते.

दुपारी उज्वला झोपली, विश्वजित पाळीवर गेला. मालतीबाई आपली ताटली न्यायला आल्या. प्रिंटर करकरत एकेक पान बाहेर सोडत होता, आणि श्यामसुंदर ते हातात घेऊन वाचत होते. एकतीस, चौतीस, एकोणचाळीस. नातेवाइकांच्या लग्नात आहेर किती करायचा. स्वेटर कुठल्या ट्रंकेत. राहीबाईला दिवाळीला साडी, निळी नको, तिला निळी आवडत नाही.

शेवटचं पान आलं. त्यावर एकच कलम होतं.

अडचण ४२: दुपारी साडेतीनला घर फार गप्प असतं.
उपाय:

पुढे काही नव्हतं. श्यामसुंदरांनी पान उलटलं. पाठ कोरी. त्यांनी पडद्यावर पाहिलं. 'उपाय' या शब्दापुढे ती उभी काळी रेघ लुकलुकत होती.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

"मालतीबाई," ते म्हणाले. "इथलंही माझ्याकडूनच गेलं का हो?"

मालतीबाई पडद्यापाशी वाकल्या. शब्द, दोन टिंबं आणि त्यानंतर एक मोकळी जागा. ती जागा त्यांनी स्वतः शिकवली होती. त्यानंतर बोटं कळांवर ठेवायची, आणि पुढचा शब्द सुचेपर्यंत उचलायची नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे तुमच्याकडून नाही गेलं. इथे तिनं काही मारलंच नाही. बसून राहिलीय नुसती."

मग श्यामसुंदरांनी पंधराही पानं आपटून एकसारखी केली, दोन भोकं पाडली, दोरा ओवला. खिशातून लाल पेन्सिल काढली. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे चौतीस वर्षं घालत आले तिथेच, त्यांनी वर्ग घातला.

अ.

आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. पाणी उकळेपर्यंत पावडर हातात धरून उभे राहिले.